तिबोट्याचं बीळ

१२ जून, गुरुवार

सकाळी ओढ्यावर तोंड धूत होतो तर पाठीवर माती पडली. वाटलं, दरड आली. पाण्यात उडी मारून वर बघतो तर चिमणीएवढं एक पाखरू ढुंगणाने माती उडवतंय. ओढ्याच्या वर माणूसभर उंचीची चिकणमातीची कड आहे, तिच्यात ते बीळ खणत होतं. चोचीने खणायचं, उलटं चालत बाहेर यायचं, पायाने माती फेकायची. एक दमलं की फांदीवरचं दुसरं आत. नवरा-बायको असणार, कारण एकमेकांशी न बोलता काम चाललं होतं.

रंग काय सांगू. चोच शेंदरी, पोट हळदीचं, डोकं जांभळं आणि त्या जांभळ्यावर शाईची चकाकी, पंख काळेनिळे. मी चार महिने रंगाऱ्याच्या हाताखाली होतो, मला कळतं. हे काम कुणीतरी उरलेले सगळे डबे एकदम उपडे करून केलंय, आणि तरी साधलंय.

याला मी ओळखतो. तिबोटी खंड्या. गेल्या पावसाळ्यात घाटाखाली महाडकडं हॉटेलात होतो, तेव्हा एक गिऱ्हाईक याच्या फोटोसाठी चिखलात पालथं पडलं होतं. त्यानेच सांगितलं, पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पाऊस आला की येतो, झाडीतल्या ओढ्याकाठी मातीत घर करतो, पिल्लं उडाली की नाहीसा होतो. इकडं वर, वेल्ह्याच्या बाजूला, मी पहिल्यांदाच बघितला.

मालकाचे घाटावरचे तंबू पावसाळ्यात बंद. तो पुण्यात, मी राखणीला. झोपतो वाडीत रामभाऊ तात्यांच्या पडवीत, जेवतो त्यांच्या घरच्या सारजामावशींच्या हातचं. दिवसभर काम नाही, मोबाईलला रेंज नाही.

म्हणून ठरवलंय, हे शेवटपर्यंत बघायचं. पिल्लं उडेपर्यंत. बी.ए. अर्धी, रंगकाम अर्धं, हॉटेल अर्धं, शिरवळची कंपनी तर पावपण नाही. आई म्हणते, प्रशिक, तू चहासुद्धा पूर्ण पीत नाहीस. हे एक पूर्ण करतो.

२१ जून, शनिवार

मध्ये काही लिहिलं नाही. तात्यांबरोबर खेकडे धरायला गेलो, मग खेकडे धरायची पद्धत शिकण्यात दिवस गेले. दगड उचलायचा हात वेगळा आणि धरायचा वेगळा. माझे दोन्ही एकदम जातात. अंगठा सुजलाय.

आज कडेवर गेलो. बीळ झालंय. वर कड पुढं आलेली, त्यामुळं पाऊस तोंडाला लागत नाही. आणि बीळ आतून जरा वर चढतं, म्हणजे पाणी गेलंच तरी आत साठणार नाही. इंजिनिअर कुठला तरी!

आता दोघांतलं एकच दिसतं. म्हणजे एक आत बसलंय. अंडी.

८ जुलै, मंगळवार

आज वाचलो. मी नाही, ते.

उद्या बेंदूर. मातीचे बैल करायला चिकणमाती लागते, आणि वाडीतली सगळी चिकणमाती त्याच कडेची. सारजामावशी कुदळ-घमेलं घेऊन आल्या आणि बिळाच्या बरोबर वर कुदळ उगारली. मी समोरच कांबळं पांघरून बसलो होतो, तिथनंच ओरडलो,

"मावशी, थांबा! हात घालू नका तिथं!"

"का रं? काय झालं?"

पाखराचं घर आहे म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, पाखरू तर हाय, जाईल दुसरीकडं. आणि पोरांना कळलं असतं तर काठ्या घालून बघितली असती. तोंडातनं आपोआप निघालं,

"नाग हाय बिळात. आत्ता शिरला. एवढा मोठा!"

कुदळ खाली पडली. मावशींनी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हात जोडले आणि उलट्या पावली मागं सरल्या. "आगं बया. आन म्या कुदळ उगारली." थोडा वेळ काहीतरी पुटपुटत होत्या.

संध्याकाळी पडवीत तात्या मला सोडेनात. "साठ पावसाळे काढलं हितं. मला कदी शेपूट दिसलं न्हाई, आन ह्या भोरच्या पाव्हण्याला म्हैन्यात दर्शन!"

"तात्या, तुमचं सगळं लक्ष म्हशीवर."

"म्हस दूध देती. नाग काय देतो?"

"जीभ आवरा," मावशी आतून ओरडल्या.

बैल पलीकडच्या ओढ्याच्या मातीचे झाले. तिथली माती भुसभुशीत, एका बैलाचं शिंग रात्रीतच गळालं. पण कडेकडं आता कुणी फिरकत नाही. एका शब्दात काम झालं. मला वाटतं माझं डोकं असल्या कामांना चांगलं चालतं, फक्त असली कामं कुणी देत नाही.

१४ जुलै, सोमवार

पिल्लं!! दोघंही आता चोचीत काहीतरी घेऊन आत जातात. सापसुरळीचं पिल्लू, छोटा बेडूक, एकदा कोळी. आधी फांदीवर आपटून आपटून मऊ करतात. एक गंमत बघितली. स्वतः खायचं असलं की शिकारीचं डोकं घशाकडं. पिल्लाला द्यायचं असलं की उलटं, डोकं बाहेर, म्हणजे पिल्लाच्या घशात डोकं आधी जातं आणि पाय अडकत नाहीत. एवढा विचार माझ्यासाठी कुणी केला असेल का? आईने केला असेल. मी बघितला नसेल.

मावशींनी धुणं खालच्या दगडावर हलवलंय. कडेखाली कुणीतरी हळद-कुंकू वाहिलंय आणि एक जास्वंद. असू दे. पोलिसांची पट्टी लावल्यासारखं झालं, कुणी ओलांडणार नाही.

१९ जुलै, शनिवार

तात्यांची सून मोहिनीवहिनी फार बोलत नाही. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. तिचा एकुलता भाऊ सूरज दिवाळीनंतर कामथडीजवळ गाडी घसरून गेला. माहेरी यंदा सण नाही म्हणून ती कुठल्याच सणाला गेली नाही. हे मला मावशींनी सांगितलं, वहिनीने कधीच नाही.

तर दोन-तीन दिवस बघतोय, ती लावणीवरून येताना कडेपाशी थांबते. लांबूनच. ओठ हलत असतात. आज मी कांबळं पांघरून तिथंच बसलो होतो. मला बघून दचकली, मग हळूच म्हणाली,

"भावजी, तुमाला दिसतो व्हय रोज?"

"रोज."

"कसा हाय?"

मी म्हटलं, "लई देखणा. आला की अंधारात उजेड पडल्यागत वाटतं."

"भेत न्हाई तुमाला?"

"आता वळख झालीया."

ती हसली नाही, पण चेहरा सैल झाला. "मंग भला हाय," म्हणाली. "पोटभर मिळतंय न्हवं त्याला?"

"मिळतंय की. पावसाळ्यात काय कमी."

तिला कळलंय! नक्कीच पाखरू बघितलंय तिने. नाव न घेता बोलते, म्हणजे माझं खोटं सांभाळून घेते. वाडीत एक तरी माणूस माझ्यासारखं निघालं. बरं वाटलं. दोघं मिळून गुपित राखायचं.

२४ जुलै, गुरुवार

टेकाडावर रेंज येते. आईला फोन लावला.

"कुठं हायस?"

"तिथंच."

"अजून? आजारीबिजारी न्हाईस ना?"

"न्हाई गं. पिल्लं उडेपर्यंत थांबतोय."

"कुणाची पिल्लं?"

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लोकांची पोरं परीक्षा देत्यात आन माझं पोरगं बिळाला राखण बसलंय." पण फोन ठेवताना म्हणाली, "उडाली की मला दाखव. तुझं एक काम पुरं झालेलं बघू दे डोळ्यानं."

मोबाईलमध्ये जागा करून ठेवलीय. जुने सगळे व्हिडिओ उडवले. पहिलं पिल्लू बाहेर पडेल तेव्हा धरायचं. आता ती बिळाच्या तोंडाशी येऊन ओरडतात, किरकिर किरकिर, आणि जवळ गेलं की कुजक्या मासळीचा वास येतो. एवढ्या सुंदर पाखराच्या घरात एवढी घाण. आठवड्याभरात उडतील.

२७ जुलै, रविवार

मावशी जोंधळ्याच्या लाह्या फोडत होत्या. कढईत लाही फुटायचा आवाज म्हणजे लांबून टाळ्या वाजवल्यासारखा. मी बसूनच राहिलो. गरम लाही, वर गूळ. माझ्या आजीच्या चुलीवर कधी लाह्या फोडल्याचं आठवत नाही, पण वासाने कुठंतरी काहीतरी आठवलं.

"पंचमी परवाच्याला," मावशी म्हणाल्या. "तुमच्यात करत न्हाईत न्हवं?"

"न्हाई."

"उद्या भावाचा उपास. मोहिनी बी धरनार हाय."

"भाऊ नसताना?"

"नागोबा हाय की. ज्येला कुनी न्हाई त्येला त्यो. दरसाली सड्यावरच्या वारुळाला जायाचो, जळवा नुसत्या पायाला. यंदा जवळच दर्शन दिलं त्येनं. तुझ्यामुळं कळलं बग."

मी म्हटलं, गूळ संपला. त्या हसल्या, अजून दिला.

लाह्या जोंधळ्याच्याच चांगल्या. मक्याच्या नुसत्या फुगतात.

टेकाडावरून माझ्या मित्राला, पप्पूला, फोन लागला; त्याचा टेम्पो वेल्ह्यापर्यंत आलाय. उद्या किकवीला माल टाकून लगेच परत, चल म्हणाला. दीड महिन्यात वाडी सोडली नाही. चार्जरची वायर पण तुटलीय, ती आणायला हवीच, नाहीतर व्हिडिओ कशाने काढणार. उद्या जाऊन उद्याच येतो.

३० जुलै, बुधवार

लिहितो. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिलंच जाणार नाही.

सोमवारी किकवीला माल उतरला. तिथं पप्पूच्या मित्रांचा कॅरम चालला होता. एक डाव म्हणून बसलो. उठलो तेव्हा अंधार. तिथंच झोपलो. काल सकाळी पप्पू म्हणाला भोरला एक खेप आहे, तासाभराची. गेलो. वायर घेतली. वडापाव खाल्ला. डेपोकडं चाललो होतो, घाई नव्हती.

गावाच्या कडेला वारुळाभोवती बाया जमल्या होत्या. नव्या साड्या, हातात ताटं. मी बघत उभा राहिलो, कारण एकीच्या ताटात लाह्यांचा डोंगर होता आणि वाऱ्याने उडत होता. मग एका बाईने वाटी कलंडली आणि दूध वारुळाच्या तोंडात गेलं.

तेव्हा कळलं. तोपर्यंत नाही. मावशींनी समोर बसून सगळं सांगितलं होतं आणि मी गूळ मागितला होता.

पळालो. एसटीने चेलाडी, तिथून एका दुधाच्या गाडीने वेल्हे, पुढं मोटारसायकलवाल्याच्या मागं, उरलेलं चालत. दूध आत साठणार नाही, बीळ वर चढतं, असं सारखं स्वतःला सांगत होतो. मोठ्याने सांगत होतो. मोटारसायकलवाला म्हणाला, "फोनवर बोलतोय का?"

पोचलो तेव्हा उजेड होता थोडा. कडेखाली माणसं नव्हती. जमीन फेर धरून तुडवलेली. कुंकू, फुलं, कापसाची वस्त्रं, चिखलात लाह्या. फांदीवर दोघं. एकाच्या चोचीत सापसुरळी, डोकं बाहेर. ते बिळापर्यंत जायचं, समोर फडफडायचं आणि परत फांदीवर. पुन्हा जायचं, पुन्हा परत.

बिळाच्या तोंडात स्टीलची वाटी होती. बरोबर बसली होती, मापाने केल्यासारखी. ओढून काढली. तळाला गूळ घातलेलं दूध. वाटीच्या मागं लाह्या. लाह्यांच्या मागं तांबड्या मुंग्यांची ओळ, करंगळीएवढी रुंद. आत जाणारी आणि बाहेर येणारी.

खांद्यापर्यंत हात घातला.

पाच होती. पंखांच्या काड्या निळ्या फुटल्या होत्या, टोकं उघडायला लागली होती. पोटाला पिवळा आला होता. एकाने बाहेर काढल्यावर चोच उघडली. मी म्हटलं आलो आलो आलो. ती चोच पुन्हा उघडली नाही.

पडवीत आलो तर मावशी खुशीत. "लई बाया आल्या रं! दुपारपतुर फेर धरला. पंचक्रोशीत कळलंय आता." मी विचारलं, वाटी कुणी ठेवली. "मोहिनीनं. सगळ्या गेल्यावर परत गेली. म्हणाली, भाईर पावसानं वाहून जाईल, त्याच्या तोंडाला लागंल असं ठेवते. आपल्या वाटणीचं बी त्यातच घातलं तिनं, उपाशी ऱ्हाऊन." मग माझा हात बघून म्हणाल्या, "ह्ये काय? कशानं चावलं?"

"मुंग्या."

"हळद लाव."

३१ जुलै, गुरुवार

पाच जणांना पंचमीच्या रात्रीच ओढ्याच्या वर करवंदीखाली पुरलं. कुदळ मागितली तर तात्या म्हणाले, "आजच्याला माती उकरू नको, पंचमीचं दिस हाईत." मग हाताने उकरलं.

दोघं अजून येतात. वाटी नाही, वाट मोकळी आहे. आत जातात, खाणं घेऊन, आणि तसंच खाणं घेऊन बाहेर येतात. मग फांदीवर बसून राहतात. आज मादी, मला वाटतं मादीच, खूप वेळ बसली आणि मग ती सापसुरळी तिने स्वतः गिळली. आधी फिरवून घेतली. डोकं आत.

मला वाटी दिसतेय सारखी. वाटीचा दोष नाही. वहिनीचाही नाही. नाग मी आत घातला.

२ ऑगस्ट, शनिवार

काल एकच आलं. आज कुणी नाही.

दिवसभर पडवीत पडून होतो. तात्या म्हणाले, "पोराला बाधलं वाटतं." मावशींनी मीठ-मिरच्या उतरवल्या.

संध्याकाळी वहिनी आली, हातात ती वाटी. मी कडेखाली टाकून दिली होती. पावसाने धुतली गेली होती, लख्ख.

"भावजी, रिकामी हाय. पिला सगळं." आणि ती हसली. मी इथं आल्यापासून तिला हसताना बघितलं नव्हतं. दात बारीक आहेत तिचे, एक जरा पुढं. "सूरजला बी असंच. गूळ घातल्याबिगर दूध न्हाई प्यायचा."

सांगणार होतो. खरंच तोंड उघडलं होतं. नाग नव्हता वहिनी, पाखरं होती, आणि तुमच्या वाटीमागं. पण मग तिला काय काय कळलं असतं. खोटं माझं, आणि खून तिच्या हाताने. वर भाऊ परत एकदा गेला असता.

तिला पहिल्यापासून काहीच माहीत नव्हतं. मीच समजून बसलो होतो. उजेड पडल्यागत वाटतं म्हणालो होतो तिला, आणि ती ते घेऊन गेली, आणि रोज तिथं उभी राहिली.

"पुनवेला राखी आणते त्याला," ती म्हणाली. "चालंल न्हवं?"

"चालंल की."

५ ऑगस्ट, मंगळवार

मालकाचा निरोप. इथलं बंदच राहणार, तू माथेरानला ये, तिकडं माणूस हवंय. आधीचा मी असतो तर निरोप पूर्ण व्हायच्या आत पिशवी भरली असती.

टेकाडावर गेलो. आई म्हणाली, "उडाली का रं?"

"उडाली."

"धाड की मग व्हिडिओ."

म्हटलं, धारेत मोबाईल भिजला. "असूं दे," ती म्हणाली. "तू थांबलास ते खरं." तिचा आवाज बदलला होता. शेजारच्या कुणाला तरी सांगत होती, फोन कानाला तसाच ठेवून, प्रशिकनं एक काम पुरं केलं म्हणून.

फोन ठेवून तिथंच बसलो. खाली सगळं धुक्यात. कडेकडं जायला पाय उचलत नाहीत आणि दुसरीकडं कुठं जायलाही उचलत नाहीत. खोटं बोललं की सुटका होते असं वाटायचं. उलटं आहे. एक खोटं म्हणजे एक जनावर, त्याला रोज चारा घालायला लागतो, आणि सोडून गेलं की ते दुसऱ्या कुणालातरी खातं.

मालकाला कळवलं, येत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

पुनव. पावसाने उघडीप दिली होती. वहिनी म्हणाली, "चला की भावजी संगं. त्याला तुमची सवय हाय."

गेलो. तिने नवी साडी नेसली होती. राखी बाजारातली नव्हती, तिने घरीच लोकरीची केली होती, पिवळी आणि निळी. बांधणार कुणाला? तर बिळाच्या बाजूला एक मूळ बाहेर आलंय, त्याला. बांधताना गाठ सुटत होती, दोनदा बांधली. मग ओवाळलं. निरांजन वाऱ्याने विझलं, तिने परत लावलं. मी टोपी काढून उभा होतो, काय करायचं ते कळत नव्हतं.

सगळं झाल्यावर ती वाकली आणि बिळात बघितलं. बिळाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये कुठं फाटलेलं नाही, त्यावर धुक्याचे थेंब. दोन-चार दिवसांचं तरी असणार. आत-बाहेर काही ये-जा असती तर राहिलं नसतं. मला दिसलं म्हणजे तिलाही दिसलंच.

ती बराच वेळ त्या जाळ्याकडं बघत राहिली. मग बोटाने ते अलगद एका बाजूला केलं.

"हाय न्हवं आत?" तिने विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"हाय," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि बोटाला चिकटलेलं जाळं पदराला पुसलं.